बंद थांबा, नवी वसाहत

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

नाशिकजवळ देवळालीच्या पुढे लहवितकडे आणि ओढ्याच्या पुढे खेरवाडीकडे रुळालगतच्या शेतांत आता टॉवर उभे राहत आहेत. त्या भागातल्या वाचकांच्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे: शेजारून रेल्वे जाते, जुना थांबाही आहे, गाडी मात्र थांबत नाही. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. गावांची आणि गृहप्रकल्पांची नावे वगळली आहेत.

प्रश्न: आमच्या वसाहतीत सुमारे दोन हजार फ्लॅट आहेत. अर्ध्या किलोमीटरवर रेल्वेचा जुना थांबा आहे. पूर्वी तिथे पॅसेंजर थांबायची, आता नावाची पाटीसुद्धा गंजली आहे. तो पुन्हा सुरू करून घ्यायचा तर अर्ज कुणाकडे करायचा?
(सोसायट्यांच्या फेडरेशनचे सचिव, देवळाली परिसर)

अर्ज नंतर. आधी नेमके काय बंद झाले आहे ते शोधा. आपण सरसकट ‘स्टेशन बंद आहे’ म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, थांबा कागदावर जिवंत आहे, गाड्यांचे थांबणे तेवढे काढून घेतले आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पॅसेंजर गाड्या बंद झाल्या आणि पुढे त्या परत आल्या तेव्हा अनेक लहान थांबे वेळापत्रकातून गळाले, ते या प्रकारात मोडतात. दुसरी, रीतसर आदेश काढून थांबा कायमचा बंद केला आहे. तिसरी, तिथे पूर्वी सिग्नल, लूप लाइन (गाडी बाजूला घेण्याचा जादा रूळ) आणि स्टेशन मास्तर असलेले पूर्ण स्टेशन होते, ते मोडीत काढले आहे.

पहिल्या प्रकारात वेळापत्रकातली एक ओळ बदलली की काम होऊ शकते. दुसऱ्यात नव्या थांब्याइतकीच छाननी होते. तिसऱ्यात लूप आणि सिग्नल परत मागण्याच्या भानगडीत पडूच नका. त्यांचा खर्च फलाटाच्या कैक पट आणि तुमच्या प्रवाशाला उपयोग काहीच नाही. डी क्लासचा साधा हॉल्ट मागा, म्हणजे गाडी मुख्य रुळावरच मिनिटभर उभी राहील आणि पुढे जाईल.

हे कळण्यासाठी माहिती अधिकारात चार कागद मागा: थांबा बंद केल्याचा आदेश, शेवटच्या तीन वर्षांची महिनावार तिकीटविक्री, रेल्वेच्या हद्दीचा नकाशा आणि त्या जागेवरचा चढ-उतार व वळण दाखवणारा तक्ता. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज भुसावळच्या विभागीय कार्यालयात जायला हवा. इगतपुरी ओलांडली की भुसावळ विभाग सुरू होतो. मुंबईला पाठवलेला अर्ज फिरत फिरत भुसावळला येईपर्यंत उगाच दिवस जातात.

मग प्रवासी मोजा, आणि इथे स्वतःची फसवणूक करून घेऊ नका. दोन हजार फ्लॅट म्हणजे दोन हजार प्रवासी नव्हेत. उदाहरणादाखल हिशेब करू. राहते फ्लॅट १२००, त्यांत कामाला बाहेर पडणारी माणसे २०००. यातले सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत जाणारे सगळे वजा करा, कारण आपली रेल्वे शहराच्या पूर्वेकडून नाशिकरोडवरून जाते आणि या दोन्ही वसाहती पश्चिमेला आहेत. शहरातल्या सीबीएस, शालिमार, कॉलेजरोडकडे जाणारेही बहुतेक वजाच होतील. नाशिकरोडला उतरून पुन्हा बस धरण्यापेक्षा ते घरून दुचाकीनेच जातील. उरतात नाशिकरोड परिसरात काम असलेले, मनमाड-निफाड-लासलगावकडचे नोकरदार, इगतपुरीकडे जाणारे आणि पुढची गाडी धरून कल्याण-मुंबई गाठणारे. दहातला एक जरी धरला तरी दोनशे माणसे झाली. आकडा छोटा वाटेल, पण हॉल्टसाठी तो वाईट नाही, आणि मुख्य म्हणजे तपासला तर टिकतो. ‘वीस हजार लोकवस्तीची मागणी’ असे लिहिलेले अर्ज वाणिज्य विभागात रोज येतात.

प्रत्येक घराकडून एक फॉर्म भरून घ्या: फ्लॅट नंबर, कामाचे ठिकाण, घरातून निघायची आणि परतायची वेळ, सध्याचे वाहन आणि त्याचा महिन्याचा खर्च, मासिक पास काढणार का, आणि सही. वेळेचा रकाना सर्वांत मोलाचा. त्यावरूनच कळते की तुम्हाला दिवसभराचा थांबा नको आहे, सकाळची एक आणि संध्याकाळची एक गाडी हवी आहे.

हे सगळे जोडून अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे करा, प्रत वरिष्ठ विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांना द्या. तोच विषय विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीच्या बैठकीत सदस्यामार्फत मांडून घ्या. तिथे विचारलेल्या मुद्द्यावर लेखी उत्तर मिळते आणि ते पुढे कामी येते. अर्जात ‘स्टेशन सुरू करा’ असे मोघम लिहू नका. अमुक क्रमांकाची अप (मुंबईकडे जाणारी) गाडी आणि अमुक क्रमांकाची डाउन (मुंबईकडून येणारी) गाडी प्रायोगिक तत्त्वावर सहा महिने थांबवा, असे लिहा. प्रायोगिक थांबा ही रेल्वेची रुळलेली पद्धत आहे आणि त्यासाठी ‘हो’ म्हणणे अधिकाऱ्यालाही सोपे जाते.

प्रश्न: जुना फलाट अजून आहे. झाडे काढली, चार दिवे लावले की झाले. मग लाखोंचे अंदाजपत्रक कशासाठी?
(एक निवृत्त शिक्षक, नाशिकरोड)

फलाट तिथेच आहे, रूळ मात्र वर आला आहे. जुन्या काळी या मार्गावर लाकडी किंवा लोखंडी स्लीपर (रुळाखालचे आडवे ओंडके) आणि हलके रूळ होते. ९० पौंडी (यार्डाला ९० पौंड वजनाच्या) रुळाची उंची १४३ मिलिमीटर, आजच्या मीटरला ६० किलोच्या रुळाची १७२. लाकडी स्लीपरची जाडी १३० मिलिमीटरच्या आसपास, सिमेंटच्या स्लीपरची रुळाखाली २१० च्या आसपास. त्यात खडीचा थर वाढला आणि दर वेळी खडी ठोकून बसवणाऱ्या टॅम्पिंग मशीनने रूळ थोडा उचलला गेला. सगळे मिळून रूळपातळी सहज वीसेक सेंटिमीटर चढते. जो फलाट एके काळी पोटरीपर्यंत येत होता तो आता घोट्याला लागतो. डब्याची जमीन रुळापासून सव्वा मीटरच्या आसपास उंच असते. साडी नेसलेल्या बाईने हातात पिशवी घेऊन तेवढे चढायचे आणि तेही गाडी एक मिनिट थांबणार असताना! थांबे रडतात ते इथेच. चढायला वेळ लागतो, एका मिनिटाची दोन मिनिटे होतात, गाडी रोज उशिरा सुटते आणि सहा महिन्यांनी अहवालात ‘वक्तशीरपणावर परिणाम’ असा शेरा पडतो.

म्हणून उंच फलाट मागा. त्याची मापे ठरलेली आहेत: रूळपातळीपासून उंची ७६० ते ८४० मिलिमीटर, रुळाच्या मध्यरेषेपासून फलाटाची कड १६७० ते १६८० मिलिमीटर. या दुसऱ्या मापात मुभा एका सेंटिमीटरची आहे हे लक्षात घ्या. कड आत आली तर डबा घासेल, बाहेर गेली तर फटीत पाय जाईल. वळणावर हे माप आणखी बदलते, कारण डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो आणि टोके बाहेर येतात. शिवाय वळणावर गार्डला, म्हणजे आताच्या ट्रेन मॅनेजरला, सगळे दरवाजे दिसत नाहीत. जुना थांबा वळणावर असेल तर दोन-तीनशे मीटर सरकवून सरळ मार्गावर घेण्याचा प्रस्ताव सुरुवातीलाच द्यावा.

दुसरी अडचण विजेच्या खांबांची. मोकळ्या मार्गावर ओव्हरहेड वायरचे खांब रुळाच्या मध्यापासून साधारण अडीच ते पावणेतीन मीटरवर असतात. फलाटाची कड १.६७ मीटरवर. म्हणजे खांब फलाटाच्या कडेपासून जेमतेम मीटरभर अंतरावर, अगदी लोक उभे राहतात त्या जागी येतो. फलाटावर हे अंतर ४.७५ मीटर ठेवतात. खांब मागे घ्यायचे तर नवा पाया, नवा आडवा हात, वायरची पुन्हा जुळणी आणि प्रत्येक वेळी वीज बंद करून वाहतुकीचा ब्लॉक. अंदाजपत्रकातला बराच पैसा या ओळीत जातो आणि बाहेरच्या माणसाला तो दिसत नाही.

आता भरावाचा हिशेब. मेमूचा (वेगळ्या इंजिनाशिवाय चालणाऱ्या, जवळच्या पल्ल्याच्या विजेच्या गाडीचा) एक डबा जोडणीसह सुमारे २२.३ मीटर. बारा डब्यांना २७० मीटर लांबी लागते, आठ डब्यांना १८०. रुंदी ५ मीटर आणि उंची ०.८ मीटर धरली तर २७० मीटरच्या एका फलाटाला १०८० घनमीटर मुरूम लागतो, दोन्हींना २१६० घनमीटर. दहा घनमीटरचा हायवा डंपर धरला तर दोनशेपेक्षा जास्त खेपा, आणि दबाई केल्यावर मुरूम बसतो, म्हणून प्रत्यक्षात आणखी. भराव पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांनी पाणी मारून दाबायचा. ओढा-निफाड पट्ट्यातली काळी माती भरावात अजिबात नको. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन वर्षांत फरशी झोपाळ्यासारखी होते. फलाटाचा उतार रुळाच्या उलट दिशेला ठेवायचा आणि मागे गटार काढायचे. उतार रुळाकडे राहिला तर पाणी खडीत मुरते, खडी चिखलाळते आणि तिथे गाड्यांचा वेग कमी करावा लागतो. फलाटाच्या टोकांचा रॅम्प १ : ६ पेक्षा खडा असू नये असा नियम आहे, पण चाकाच्या खुर्चीसाठी १ : १२ मागा. ०.८ मीटर उंचीला दहा मीटर लांबी पुरते.

काम सुरू होताना सर्वांत मोठा घोटाळा जेसीबी करतो. रुळाच्या बाजूने सिग्नलच्या आणि दूरसंचाराच्या केबल जमिनीखालून गेलेल्या असतात. एक केबल तुटली की सिग्नल लाल होतात आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या खोळंबतात. सिग्नल विभागाच्या माणसाने केबलचा मार्ग शोधून, चुन्याने आखून आणि संयुक्त पाहणीच्या कागदावर सही करून दिल्याशिवाय एक घमेलेही उपसू नये. भिंतीच्या पायाचे खोदकाम पावसाळ्यात घेऊ नये. खडीखालची कड ढासळली तर रूळ खचतो.

एक विनंती. ही मापे वाचून कुणी टेप घेऊन रुळावर जाऊ नका. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संयुक्त पाहणी मागा, अभियंता सोबत असू द्या.

प्रश्न: पंचवटी एक्स्प्रेस आमच्याकडे का थांबू शकत नाही? दोन मिनिटांनी असे काय बिघडते?
(रोज मुंबईला जाणारा पासधारक)

दोन मिनिटे थांबा दिला की चार मिनिटे जातात. बावीस डब्यांची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला मिनिटभर घेते, पुन्हा तो वेग गाठायला तीन मिनिटे. तेवढेच अंतर न थांबता दोन मिनिटांत झाले असते. म्हणजे निव्वळ थांबण्या-सुटण्यात दोन मिनिटे, अधिक फलाटावर उभी असलेली दोन. मेमूला दर काही डब्यांआड मोटर असते, ती पटकन वेग घेते, त्यामुळे एक मिनिटाचा थांबा धरून तिचा तोटा दोन मिनिटांच्या थोडा वर जातो. ही आकडेमोड ढोबळ आहे, पण मेमू मागावी की एक्स्प्रेस, हे तिच्यावरून ठरवता येते. शिवाय मेल-एक्स्प्रेसच्या थांब्याचा निर्णय दिल्लीत रेल्वे बोर्डाकडे जातो. नाशिकरोड आणि देवळाली इतक्या जवळ असताना तिथून होकार येईल अशी आशा धरू नये.

मेमूचीही वेळ फुकट मिळत नाही, पण ती कुठे दडली आहे ते शोधता येते. तुमच्या थांब्याच्या दोन्ही बाजूंच्या स्टेशनांवर ती गाडी प्रत्यक्ष किती वाजता येते आणि सुटते ते एनटीईएसवर (गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या संकेतस्थळावर) महिनाभर टिपा. पुष्कळदा असे दिसते की मागची वेगवान गाडी पुढे काढण्यासाठी मेमू पुढच्या स्टेशनात लूपवर दहा-बारा मिनिटे उभीच असते. मग तुमच्या थांब्याची दोन मिनिटे त्या प्रतीक्षेतून वळती होतात, गाडीची पुढची वेळ बदलत नाही. हा तक्ता अर्जाला जोडला तर परिचालन विभागाचा मुख्य आक्षेप आधीच निकालात निघतो. उलट मेमूच्या मागोमाग पाच-सहा मिनिटांत वेगवान गाडी लागलेली असेल आणि पुढे लूप मिळत नसेल, तर ती गाडी सोडा, दुसरी मागा.

कसाऱ्याची लोकल नाशिकपर्यंत आणा ही मागणीही याच पत्रांत आहे. थळ घाटाचा चढ ३७ ला १ आहे. कसाऱ्याहून चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिने लावावी लागतात. मुंबईची लोकल या चढासाठी बांधलेलीच नाही. तिच्यासाठी तुमच्या हॉल्टचा अर्ज अडकवू नका.

जाता जाता: मेमूचा दर्जा एक्स्प्रेसचा आहे की साध्या पॅसेंजरचा, तेही पाहून ठेवा. साध्या दर्जाचे किमान भाडे १० रुपये, एक्स्प्रेसचे ३०. नाशिकरोडपर्यंतच्या आठ-दहा किलोमीटरला ३० रुपये पडणार असतील तर लोक शेअर रिक्षाच धरतील.

प्रश्न: थांब्याला लागूनच रेल्वे फाटक आहे. थांबा झाला तर फाटक जास्त वेळ बंद राहील का?
(शेतकरी, ओढा परिसर)

राहील, आणि ही भीती रास्त आहे. फाटक गाडीच्या पुढ्यात असेल तर गाडी फलाटावर उभी असतानाही ते बंदच ठेवावे लागते, कारण फाटक लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. गाडी येण्याआधीची तीन-चार मिनिटे, थांब्याची एक-दोन, सुटून फाटक ओलांडण्याची आणखी एक. तेवढ्यात समोरून दुसरी गाडी आली की कांद्याचे ट्रॅक्टर दहा-पंधरा मिनिटे रांगेत. फलाट फाटकाच्या अशा बाजूला घ्यावा की गाडी आधी फाटक ओलांडेल आणि मग थांबेल, शेपटासकट. अप आणि डाउनचे फलाट समोरासमोर हवेत असे कुठे आहे? फाटकाच्या दोन बाजूंना एकेक फलाट तिरपा मांडला तर दोन्ही दिशांना हा फायदा मिळतो. फाटकाऐवजी उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग मंजूर होणार असेल तर त्याच्या नकाशातच फलाटाचा जिना धरून घ्या, नंतर तो जोडणे महागात जाते.

प्रश्न: पादचारी पुलाशिवाय थांबा सुरू होऊ शकेल का? पूल नंतर बांधू.
(नगरसेवकपदाचे इच्छुक, नाशिकरोड)

‘नंतर’ कधी येत नाही. ताशी १३० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ३६ मीटर कापते. चारशे मीटरवर दिसलेली गाडी अकरा सेकंदांत अंगावर असते. एका फलाटावरून उतरून दोन रूळ ओलांडून पलीकडे चढायला धडधाकट माणसालाही तेवढा वेळ लागतोच. नव्या वसाहतीचा थांबा म्हणजे शाळेची मुले आणि म्हातारी माणसेही आली. नवे स्टेशन उघडायला रेल्वे कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रेल्वे सुरक्षा आयुक्तांची छाननी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, त्यामुळे स्थानिक दबावाचा तिथे फारसा उपयोग नाही. पूल पहिल्याच अंदाजपत्रकात घाला. तो वसाहतीच्या बाजूला रेल्वेच्या हद्दीबाहेर उतरेल असा घ्या, म्हणजे गावकऱ्यांनाही ओलांडता येईल आणि ग्रामपंचायत किंवा महापालिका खर्चात वाटा उचलायला तयार होईल.

प्रश्न: खर्च कोण करणार? बिल्डर म्हणतो रेल्वे करेल, रेल्वे म्हणते मागणी करणाऱ्याने पैसे भरावेत.
(सोसायटीचे अध्यक्ष)

दुसरे म्हणणे वास्तवाला धरून आहे. अशा कामाला रेल्वेत डिपॉझिट वर्क म्हणतात: मागणी करणारा पैसे आधी भरतो, काम रेल्वे करते, मालकी रेल्वेचीच राहते. यात खाच अशी की भरलेली रक्कम अंतिम नसते. काम संपल्यावर प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब होतो आणि वाढीव रक्कम भरणाऱ्याकडूनच मागितली जाते. म्हणून करारात तीन बाबी स्पष्ट हव्यात: वाढीव खर्च कुणाचा, दिवाबत्ती-सफाई-सुरक्षारक्षक यांचा पुढच्या वर्षांचा खर्च कुणाचा, आणि थांबा पुन्हा बंद झाला तर काय. सोसायटीने स्वतःच्या नावावर हा करार करू नये. महापालिका, जिल्हा परिषद किंवा बिल्डर यांपैकी कुणीतरी पक्षकार हवा.

नवी मुंबईत रेल्वेमार्ग उभारताना सिडकोने ६७ टक्के आणि रेल्वेने ३३ टक्के वाटा उचलला. जमीन विकून वाढलेली किंमत सिडकोच्याच तिजोरीत येत होती, म्हणून ते गणित जमले. आपल्याकडे रुळालगतची जमीन खासगी आहे, वाढलेल्या किमतीचा फायदा बिल्डरला होतो. तेव्हा त्याचा वाटा पूर्णत्वाचा दाखला मिळण्याआधीच बँक गॅरंटीच्या रूपात घ्या. शेवटचा फ्लॅट विकला गेल्यावर त्याला फोन लावून उपयोग नाही. खासदार निधीतूनही हॉल्टच्या कामाला पैसा देता येतो, पण तो निधी सबंध मतदारसंघासाठी वर्षाला ५ कोटी असतो. त्यातून शेड, पाणी, दिवे होतील, पूल आणि खांब नाही.

आणि फलाटाला पैसा मिळाला म्हणजे गाड्या मिळाल्या असे नाही. डोंबिवलीजवळच्या पलावा या प्रचंड वसाहतीच्या शेजारी दिवा-पनवेल मार्गावरचे निळजे स्टेशन आहे. तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, म्हणून लोक डोंबिवली गाठतात. गाडीच्या थांब्याचे तत्त्वतः मान्यतेचे पत्र हातात पडेपर्यंत बांधकामाचा पहिला हप्ता भरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: माहितीपत्रकात ‘प्रस्तावित रेल्वे स्टेशन ५ मिनिटांवर’ छापले होते. आता बिल्डर हात वर करतो.
(फ्लॅटधारक महिला, लहवित परिसर)

ते माहितीपत्रक जपून ठेवा, आणि जाहिरातीचा फोटो, दलालाचा व्हॉट्सॲप संदेशही. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन, कायद्याचे कलम १२ जाहिरातीतल्या खोट्या विधानाबद्दलच आहे. त्यावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले तर भरपाई मागता येते. घर सोडायचे ठरवले तर रक्कम व्याजासह परत मागता येते. कळीचा शब्द ‘प्रस्तावित’. बिल्डर त्याच्याच आड लपेल. म्हणून त्या तारखेला रेल्वेकडे असा काही प्रस्ताव होता का, हे माहिती अधिकारात विचारा. ‘असा प्रस्ताव प्राप्त नाही’ हे एका ओळीचे उत्तर महारेरापुढे फार वजनदार ठरते. अजून बुकिंग केले नसेल तर जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून महारेराच्या पानावरचा मंजूर नकाशा आणि करारनाम्याचा मसुदा पाहा. स्टेशनचा उल्लेख बहुधा तिथे नसतो.

प्रश्न: थांब्याकडे जायची जुनी वाट शेतकऱ्यांनी नांगरून टाकली आहे. ती परत मिळेल का?
(ग्रामपंचायत सदस्य)

आधी वाट कुणाची ते ठरवा. गावनकाशावर ती शिवरस्ता किंवा पाणंद म्हणून दाखवली असेल तर ती सरकारी आहे, तहसीलदारांकडून अतिक्रमण हटवून घेता येते. रेल्वेच्या हद्दीतून असेल तर हद्दीचे दगड आणि रेल्वेचा नकाशा घेऊन संयुक्त मोजणी मागा. नुसतीच वहिवाट असेल तर मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली अडथळ्याविरुद्ध दावा होतो, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ शेतात जाण्याच्या रस्त्यासाठी आहे. स्टेशनच्या रस्त्यासाठी ते वापरायला गेलात तर पहिल्याच अपिलात अडाल. नवा रस्ता करायचा तर शेतकऱ्याशी बोलून योग्य मोबदल्याने रीतसर खरेदी करणे सर्वांत स्वस्त पडते. रुंदी निदान नऊ मीटर आणि टोकाला बस वळवण्याइतकी जागा हवी. बस वळू शकली नाही तर सिटीलिंकचा फेरा तिथपर्यंत येणार नाही.

प्रश्न: कुंभमेळ्यासाठी ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, देवळाली इथे कामे चालली आहेत. त्यातच आमचा थांबा बसवता येईल का?

त्या कामांचा भर लांब पल्ल्याच्या विशेष गाड्या उभ्या करण्यावर आणि गर्दी सांभाळण्यावर आहे. मंजूर कामात नवा थांबा घुसडणे जमत नाही. पण ही स्टेशने तुमच्या शेजारची असतील तर वेगळा विचार करा: तिथे लांब फलाट आणि पूल तयार होत असतील, तर तीन किलोमीटरवर नवा हॉल्ट मागण्यापेक्षा त्या स्टेशनपर्यंत चांगला रस्ता, दुचाकी ठेवायला छप्पर आणि बसचा फेरा मागणे स्वस्त आणि लवकर होणारे आहे. दोन स्टेशने जवळजवळ असतील तर रेल्वे नव्या थांब्याला तसाही नकारच देते.

प्रश्न: वसाहतीची भिंत रुळापासून किती लांब हवी?

रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो. मोजायचे हद्दीच्या दगडापासून, रुळापासून नव्हे.

प्रश्न: हॉल्टवर तिकीट कोण देणार? कर्मचारी नेमतील का?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

बहुधा नाही. हॉल्टवर कमिशनवर काम करणारा एजंट नेमतात. तो जवळच्या स्टेशनातून तिकिटे उचलतो आणि विक्रीवर टक्केवारी घेतो. विक्री कमी असली की एजंट टिकत नाही, खिडकी बंद पडते, लोक विनातिकीट बसतात आणि कागदोपत्री थांब्याचे उत्पन्न शून्य दिसते. बरेच थांबे बंद पडले ते याच फेऱ्यात. मोबाइलवर काढलेल्या तिकिटात किंवा पासात ‘कुठून’ या रकान्यात तुमच्या हॉल्टचेच नाव येईल याची काळजी घ्या. पुष्कळ जण सवयीने नाशिकरोडचा पास काढतात आणि तो प्रवास नाशिकरोडच्या खात्यावर जमा होतो. थांबा सुरू होण्याआधी त्याचे नाव आणि संकेताक्षर तिकीट प्रणालीत पुन्हा सुरू झाले आहे का, हे वाणिज्य विभागाकडून लेखी घ्या. नाव यादीत नसेल तर ॲप तिकीट देणारच नाही. प्रायोगिक सहा महिन्यांत दर महिन्याच्या पासांच्या प्रती सोसायटीच्या कार्यालयात गोळा करून ठेवा. मुदतवाढीच्या वेळी रेल्वेचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही, तर त्या प्रती पुढे करता येतील.